‘कंपनी’ : एका शब्दाचे अनेक अर्थ, त्याचे पर्याय आणि त्यांचा इतिहास

इंग्रजी भाषेतील नित्य व्यवहाराच्या शब्दांपैकी ‘कंपनी’ हा शब्द मराठी माणसाला परका वाटेनासा होऊन दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. मुलगा ‘कंपनीत लागला’, माल ‘कंपनीचा’ आहे, प्रवासात कोणी ‘कंपनी दिली’, गावात ‘नाटक कंपनी’ आली, ‘कंपनी सरकार’ जाऊन राणीचे राज्य सुरू झाले. या पाच वाक्यांत एकच शब्द आला असला, तरी अर्थ पाच आहेत. त्यांपैकी पहिला तर मूळ इंग्रजीतही नाही. ‘कंपनी सुटली’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला कारखान्याची पाळी सुटणे अभिप्रेत असते. इंग्रजीत कंपनी हा माणसांचा समूह किंवा कायद्याने निर्मिलेली संस्था असते. मराठीत मात्र ती भोंगा, फाटक आणि धुराडे असलेली एक जागा झाली आहे.

एखाद्या शब्दाला अनेक अर्थ असणे ही कोशकारांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नाही. परंतु काही शब्दांच्या बाबतीत ही अनेकार्थता इतिहासाच्या आकलनात अडथळा निर्माण करते. जुना अर्थ मागे पडतो, नवा अर्थ त्याची जागा घेतो, आणि ध्वनी तोच राहिल्यामुळे हा बदल वाचकाच्या ध्यानात येत नाही. ‘कंपनी’ या शब्दाच्या संदर्भात असे घडले आहे, आणि त्यामुळे इतिहासातील कर्ता कोण हा प्रश्न झाकला जातो, हे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे.

व्युत्पत्ती आणि जुने अर्थ

या शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये आहे. ‘कोम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे पाव किंवा भाकरी. या दोहोंपासून ‘कोम्पानिओ’, म्हणजे ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो, असा शब्द तयार झाला. फ्रँक लोकांच्या ‘सॅलिक’ कायद्याच्या संहितेत तो आढळतो. हा शब्द एखाद्या जर्मानिक शब्दाचे भाषांतर असावा असे व्युत्पत्तिकार मानतात. गॉथिक भाषेत ‘गाहलाइबा’ असा नेमका त्याच घडणीचा शब्द आहे. रोमन सैन्यात भरती झालेल्या उत्तरेकडील शिपायांनी एका शिधेवर जेवणाऱ्या सोबत्यासाठी आपला शब्द लॅटिनमध्ये आणला, असे अनुमान त्यावरून करता येते. पुढे जुन्या फ्रेंचमधून ‘कंपनी’ हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत आला.

भाकरीशी संबंधित शब्द इंग्रजीत आधीपासूनच होते, आणि ते पाहण्यासारखे आहेत. ‘लॉर्ड’ हा शब्द ‘ह्लाफवेअर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार यापासून, तर ‘लेडी’ हा ‘ह्लाफडीये’ म्हणजे कणीक मळणारी यापासून झाला. आश्रित सेवकाला ‘ह्लाफएटा’, म्हणजे भाकरी खाणारा, असे म्हणत. एक राखणारा, एक मळणारी, एक खाणारा. या उतरंडीत न बसणारा, एकत्र खाणाऱ्यांच्या बरोबरीच्या नात्याचा शब्द मात्र बाहेरून आला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या नाना थरांतील यात्रेकरूंच्या मेळ्यासाठी हाच शब्द वापरला. त्याच शतकात फ्रान्समध्ये भाडोत्री सैनिकांच्या ज्या टोळ्या लूटमार करीत हिंडत होत्या, त्यांनाही ‘कंपनी’च म्हटले जात होते. लंडन शहरातील कापडवाले, वाणी, कोळी, सोनार यांचे व्यवसायसंघ ‘कंपनी’ होते. छापखानेवाल्यांच्या व पुस्तकविक्रेत्यांच्या अशा कंपनीला १५५७ मध्ये सनद मिळाली. नटांचे संच, जहाजावरील खलाशी, कप्तानाच्या हाताखालील पायदळाची तुकडी, घरी आलेले पाहुणे आणि तरुण-तरुणींचा सहवास हे सर्व या एका शब्दात मावत होते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कंपनी म्हणजे माणसे. ती मोजता येतात, त्यांना नावे असतात, आणि ती उठून गेली की कंपनी संपते.

पर्यायी शब्द

पीटर मार्क रॉजेट याचा पर्यायकोश १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दांची मांडणी अर्थाच्या वर्गांनुसार करण्याच्या त्याच्या पद्धतीत ‘कंपनी’ एका वर्गात राहत नाही. समुदाय, नट, भागीदारी, सैन्य, सहवास अशा निरनिराळ्या दालनांत तिला शोधावे लागते. पर्यायी शब्दांना समानार्थी म्हणण्याची आपल्याकडे रूढी असली, तरी त्यांचे कूळ पाहिले की प्रत्येकाच्या मुळाशी निराळी कल्पना दिसते. ‘फर्म’ हा शब्द इटालियन ‘फिर्मा’ म्हणजे सही यापासून आला. तेथे महत्त्व आहे ते कागदावरील नावाला. ‘कॉर्पोरेशन’च्या मुळाशी देह आहे. ‘सोसायटी’च्या मुळाशी ‘सोकिउस’ म्हणजे सोबती आहे. जर्मन भाषेतील ‘गेझेलशाफ्ट’ या शब्दाच्या मुळाशी एका दालनात राहणारे आहेत आणि ‘कॉम्रेड’च्या मुळाशी एका खोलीत राहणारे.

या सर्वांत उद्बोधक इतिहास ‘फेलो’ या शब्दाचा आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘फे’ म्हणजे गुरेढोरे व त्यावरून धन. (आपला ‘पशु’ हा शब्द त्याच मूळ इंडो-युरोपीय कुळातील आहे.) ‘फेलागी’ म्हणजे सामाईक उद्योगात आपले धन घालणारा, थोडक्यात भागधारक. हा शब्द अकराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला आणि हळूहळू त्यातील पैसा झडून गेला. तो सोबती झाला, विद्यापीठातील सदस्य झाला, आणि अखेरीस ‘कोणी एक इसम’ इतकाच त्याचा अर्थ उरला. ‘कंपनी’चा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. भाकरीपासून निघालेला शब्द भांडवलापाशी पोहोचला आणि भांडवलापासून निघालेला शब्द मैत्रीपाशी. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून पुढे निर्माण झालेल्या ‘दक्षिणा फेलो’ या पदावर महादेव गोविंद रानडे आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखे विद्वान होते. त्या पदनामातील दोन्ही शब्द मुळात धनवाचक आहेत, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल.

आपल्याकडेही अशा शब्दांची वाण नव्हती. श्रेणी, निगम, पूग, संघ, सार्थ हे शब्द संस्कृत-प्राकृतात रूढ होते. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे; २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. व्यक्ती मरतील पण श्रेणी राहील, हा विश्वास असल्याशिवाय अशी अक्षय ठेव कोणी ठेवणार नाही. मात्र श्रेणी एका व्यवसायाची असे. मध्ययुगीन मराठीत भागी, पाती, पेढी असे शब्द आले. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. युरोपीय शब्दाने सहभोजनावरून सहव्यवसायाची कल्पना घडविली. आपल्या समाजात रोटीव्यवहार आणि धनव्यवहार यांच्या सीमा निराळ्या होत्या. एका पेढीतले भागीदार एका पंक्तीला बसतीलच असे नव्हते. त्यामुळे ‘कंपनी’ला शब्दशः प्रतिशब्द मराठीत सापडणे कठीणच होते.

सनदेतील कंपनी

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने दिलेल्या सनदेतील नाव ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे नाही. ‘पूर्वेकडील देशांशी व्यापार करणारे लंडनचे व्यापारी, त्यांचा गव्हर्नर आणि त्यांची कंपनी’ असा त्या नावाचा आशय आहे. सनदेत दोनशेहून अधिक व्यक्तींची नावे दिलेली आहेत. येथे ‘कंपनी’चा अर्थ ‘मंडळी’ असाच घेतला पाहिजे. आरंभीच्या सफरींसाठी प्रत्येक वेळी वेगळे भांडवल जमवीत आणि जहाजे परतली की हिशेब करून नफा वाटून घेत. कायम भांडवलाची पद्धत १६५७ नंतर सुरू झाली. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतील अधिकारी आणि कारकून दर्जानुसार एकाच सामाईक मेजावर जेवत असत. तेवढ्यापुरता तरी शब्दाचा मूळ अर्थ जिवंत होता.

१७०९ पर्यंत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे एकीकरण होऊन ‘संयुक्त कंपनी’ झाली, तेव्हाही अधिकृत नावात ‘व्यापाऱ्यांची’ हे षष्ठीचे रूप कायम राहिले. व्यवहारात आधीपासून रूढ असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी’ हे नाव कायद्याने मान्य झाले ते १८३३ च्या अधिनियमात. आणि त्याच अधिनियमाने कंपनीचा व्यापार बंद केला. व्यापारी नावातून गेले आणि व्यापारही गेला. उरली ती केवळ ‘कंपनी’, जी आता राज्य करीत होती.

मराठी राज्यकर्त्यांना या नावाच्या आड काय आहे हे उमगले नव्हते असे म्हणता येणार नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकर हे सावकारी करीत असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत, असा स्पष्ट इशारा दिला आहे. शब्दावर न जाता त्यामागील सत्ता ओळखण्याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु अमात्यांच्या विवेचनात सावकार आणि त्यामागील राजा असे दोन कर्ते होते. पुढील शंभर वर्षांत सावकार हाच राजा झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, म्हणजे सनदेला बरोबर २०२ वर्षे झाली त्या तारखेस, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, तो कोणत्याही राजाशी नव्हे तर कंपनीशी केला.

येथे इतिहासलेखनापुढील खरी अडचण सुरू होते. ‘कंपनीने बंगाल घेतला’, ‘दुष्काळातही कंपनीने सारा वसूल केला’ अशी वाक्ये आपण लिहितो व शिकवितो. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. परंतु या वाक्यांतील कर्ता कोण? लंडनमधील चोवीस संचालक, की ५०० पौंडांचे भांडवल असल्यामुळे मतदानाचा हक्क मिळालेले भागधारक, की कलकत्त्याचे कौन्सिल, की खाजगी व्यापार करणारे अधिकारी? १७७० च्या बंगालच्या दुष्काळात असंख्य माणसे मेली. १७७१ मध्ये लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत चढला. १७७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला कंपनीला १४ लाख पौंडांचे कर्ज द्यावे लागले. या तीन घटनांतील ‘कंपनी’ एकच नाही. पहिल्या ठिकाणी ती मुख्यतः बंगालमधील प्रशासन आहे, दुसऱ्या ठिकाणी भागधारक, तिसऱ्या ठिकाणी दिवाळखोरीच्या काठावरील एक लंडनची संस्था. एकच शब्द वापरल्याने दुष्काळग्रस्त रयत आणि लाभांश घेणारा भागधारक यांच्यातील साखळीचे दुवे अदृश्य होतात.

कंपनीसारख्या मंडळाला आत्मा नसतो, म्हणून त्याला बहिष्कृत करता येत नाही, असे सर एडवर्ड कोक यांनी १६१२ च्या सटन्स हॉस्पिटलच्या खटल्यात म्हणून ठेवले होते. तोच पेच पुढे राजकारणात आला. महाभियोग चालविला गेला तो वॉरन हेस्टिंग्ज या व्यक्तीवर. तो १७८८ ते १७९५ असा सात वर्षे चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. आरोपीच्या पिंजऱ्यात कंपनीला उभे करण्याची सोयच नव्हती.

मराठीतील ‘कुंपणी’

जुन्या मराठी कागदांत व गद्यात ‘कुंपणी’ असे रूप आढळते. या रूपाचा ‘कुंपण’ या शब्दाशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण कुंपणच शेत खाते ही म्हण ज्यांच्या ओठी होती, त्यांच्या कानाला या ध्वनिसाम्याने काय सुचविले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ‘कुंपणी सरकार’, ‘कंपनी बहादूर’ या संबोधनांत तिला सरदारासारखा किताब मिळालेला दिसतो. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ‘जॉन कंपनी’ हे मानवीकरण एतद्देशीय लोक पुष्कळदा खरे मानीत, असे नमूद केले आहे. त्यांनी ते काहीशा मिस्कीलपणे सांगितले आहे. पण ज्या सत्तेच्या नावाने फर्मान निघते, नाणे पडते आणि सारा वसूल होतो, ती कोणी व्यक्ती असावी असे रयतेला वाटले तर त्यात भोळेपणा कोणता? पुढे खुद्द इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने कंपनी ही व्यक्तीच आहे, असा निर्णय दिला.

राजकीय कंपनी १८५८ मध्ये सत्तेवरून गेली आणि १८७४ मध्ये विसर्जित झाली. शब्द मात्र राहिला आणि मराठीत त्याला एक निराळे, जिव्हाळ्याचे आयुष्य लाभले. त्याचा सर्वांत सुंदर प्रतिशब्द ‘मंडळी’ हा आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी (१८८०), गंधर्व नाटक मंडळी (१९१३) अशी नावे ठेवणाऱ्यांनी तो योजला, मुंबईतील ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ यांसारख्या प्रकाशकांनी ‘अँड कंपनी’च्या जागी तो घेतला. सभेला संबोधताना ‘मंडळी’, घरी आलेले पाहुणे ‘मंडळी’, आणि जुन्या पिढीतील पुरुषांच्या तोंडी पत्नीही ‘मंडळी’. इंग्रजी ‘कंपनी’च्या जवळजवळ सर्व मानवी छटा या एका शब्दात आहेत आणि त्याला बहुवचनाचे क्रियापद लागते, हे विशेष. बोलण्यात लोक ‘नाटक कंपनी’च म्हणत, आणि त्या कंपनीच्या बिऱ्हाडी नटांपासून पडदे ओढणाऱ्यांपर्यंत सर्वांचा स्वयंपाक एकत्र होत असल्यामुळे, लॅटिन न जाणताही शब्दाचा धात्वर्थ तेथे रोज पाळला जात होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात फिल्म कंपनी’ नावाने कंपनी असली, तरी मुळात ती पाच जणांची भागीदारी होती.

‘मंडळी’ हा शब्द व्यापारी कायद्यात टिकला असता तर बरे झाले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ती जागा काही अंशी ‘सोसायटी’ने घेतली. खेडेगावात सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी सहकारी संस्था आणि शहरात राहती इमारत. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते. कंपनीत मत भागांच्या संख्येप्रमाणे असते. तेथे माणसे मोजली जातात, येथे भाग. दोन्ही शब्दांच्या मुळाशी सोबतीच असला, तरी कायद्याने तो एका ठिकाणीच राखला.

कायद्यातील कंपनी

साउथ सी कंपनीच्या फुगवट्याच्या काळात, १७२० मध्ये, इंग्लंडने सनदेविना भागभांडवली मंडळे स्थापण्यावर निर्बंध घातले. ते १८२५ मध्ये उठले. १८४४ च्या कायद्याने नोंदणीची आणि १८५५ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची सोय झाली. हिंदुस्थानात नोंदणीचा कायदा १८५० मध्ये आणि मर्यादित जबाबदारीचा १८५७ मध्ये झाला. त्यानंतर आठच वर्षांत, १८६५ मध्ये, मुंबईने शेअरबाजाराच्या पडझडीत या नव्या साधनाची किंमत मोजली.

या कायद्यांच्या भाषेत एक बारीकसा बदल झाला. १८५६ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे सात किंवा अधिक व्यक्ती ‘स्वतःला’ कंपनीच्या रूपात संघटित करीत होत्या. १८६२ च्या कायद्यातून तो ‘स्वतःला’ हा शब्द गळाला. आता त्या व्यक्ती कंपनी ‘स्थापन’ करू लागल्या. आधी माणसे कंपनी होत होती, नंतर कंपनी ही माणसांहून वेगळी, त्यांनी बाहेर उभी केलेली वस्तू झाली.

या बदलाची तर्कशुद्ध परिणती सॉलोमन खटल्यात झाली. ॲरन सॉलोमन हा लंडनचा चामडी बुटांचा कारखानदार. त्याने आपला धंदा १८९२ मध्ये एका कंपनीला विकला. कंपनीचे सभासद सातच: तो स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे. एकूण २०,००७ भागांपैकी इतर सहा जणांकडे प्रत्येकी एक, बाकी सर्व त्याच्याकडे. धंदा बुडाला, सॉलोमन हाच कंपनीचा तारणधारी धनको असल्यामुळे इतर धनकोंच्या हाती काही आले नाही. खालच्या न्यायालयांनी ही शुद्ध बनवाबनवी ठरविली. परंतु नोव्हेंबर १८९६ मध्ये उमरावांच्या सभेने निकाल फिरविला: सॉलोमन आणि त्याची कंपनी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. येथील सातही सभासद एका कुटुंबातले, म्हणजे धात्वर्थाने खरोखरीची कंपनी. आणि त्याच खटल्यात कायद्याने त्या माणसांना कंपनीपासून तोडले.

या सिद्धान्ताशिवाय आधुनिक उद्योग उभे राहिले नसते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याचा दुसरा उपयोग भोपाळमध्ये दिसला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झालेला कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा होता. तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत, हा मूळ कंपनीच्या बचावाचा एक प्रमुख मुद्दा होता. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती वाढवून मिळावी ही केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कोणती कंपनी, हा प्रश्न ज्यांनी श्वास गमावला त्यांच्या दृष्टीने निरर्थक होता; खटल्यात मात्र तो वर्षानुवर्षे पुरला.

भारताच्या २०१३ च्या कंपनी अधिनियमाने ‘एक व्यक्ती कंपनी’ हा नवा प्रकार आणला. तिला एकच सभासद असतो. मात्र नोंदणी करताना त्या सभासदाला आणखी एका व्यक्तीचे नाव, तिच्या लेखी संमतीसह, द्यावे लागते. सभासदाचा मृत्यू झाला तर कंपनी त्या दुसऱ्या व्यक्तीकडे जाते.